आत्याचं चार वाजताचं वायफाय

माझी आत्या दात बनवते. ती दातांची डॉक्टर नव्हे. डॉक्टर तोंडात बघतात, माप घेतात आणि ते माप आत्याकडे पाठवतात. मग आत्या आपल्या कामाच्या खोलीत बसून प्लास्टरचा जबडा ओतते, त्यावर मेणाच्या हिरड्या चढवते, एकेक दात रांगेला लावते आणि कवळी तयार करते. गेली तीस वर्षं हेच चाललंय. आमच्या इमारतीत तिला सगळे कवळीबाई म्हणतात आणि तिला ते मनापासून आवडतं. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं तर ती आधी त्याचे दात बघते, मग चेहरा. "तो वरचा उजवीकडचा माझा," असं माझ्या कानाशी पुटपुटते, "मस्त बसलाय."

मी डोळ्यांच्या दवाखान्यात चष्म्याचे नंबर काढते आणि नोकरीच्या निमित्ताने दोन वर्षं तिच्याकडे राहते आहे. दोन वर्षांत एक गोष्ट मला कळून चुकली. आत्याशी वाद घालायचा नाही. तिच्या हातातलं मेण वितळतं, ती वितळत नाही.

याचं ढळढळीत उदाहरण म्हणजे माझे बाबा, तिचा धाकटा भाऊ. आठ वर्षांपूर्वी ते सायकलवरून पडले आणि पुढचा एक दात गेला. आत्याने कामं बाजूला सारून त्यांच्यासाठी दात केला. त्यांच्या बाकीच्या दातांवर चहाचा जो पिवळसर रंग चढला होता, तोच रंग तिने नमुन्यांशी ताडून ताडून साधला. ओळखून दाखवा म्हणावं, असा दात. बाबांनी तो वर्षभर वापरला आणि मग कुणा मित्राने "पिवळा दिसतो हो" म्हटल्यावर गुपचूप दुसरीकडून नवा बसवून घेतला. पांढराशुभ्र! आत्याला कुणी सांगितलं नाही. कुणाच्या तरी लग्नाचे फोटो आले, त्यात बाबा हसत होते. आत्याने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, "याच्या तोंडात दिवा कुणी लावला?"

त्या दिवसापासून अबोला. सात वर्षं झाली. बाबांनी माफी मागितली नाही, कारण त्यांच्या मते दात त्यांचा होता. आत्याने फोन केला नाही, कारण तिच्या मते दात तिचा होता. आमच्या घरातले हे दोन शहाणे!

आणि तरीही दर रविवारी दुपारी चार वाजता दोघं एकमेकांना भेटत होती. ते कसं, ते सांगते.

मी बारा वर्षांची असताना आत्याने हातात धरून खेळायची दोन यंत्रं आणली होती, पुस्तकासारखी उघडणारी, दोन पडद्यांची. एक मला, एक तिला. लांब राहूनही वायफायवरून एकमेकींशी गाड्यांची शर्यत लावता यायची. मी कॉलेजात गेल्यावर माझं यंत्र कपाटात पडलं, आणि अबोल्यानंतर कधीतरी बाबांनी ते "चालतंय का बघतो" म्हणून बाहेर काढलं. त्यात मित्रांच्या यादीत एकच नाव होतं. तेव्हापासून आमच्या जुन्या वेळेला, रविवारी चार ते पाच, शर्यत. ज्या कंपनीने खेळ काढला तिने कधीच हात झटकले होते. जगभरच्या काही हौशी लोकांनी आपल्या जोरावर तो जिवंत ठेवला होता, म्हणून हे जमत होतं.

आता गंमत अशी, की समोर कोण आहे हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं आणि दोघंही कबूल करत नव्हती. आत्या म्हणायची, "कुणीतरी आहे, बरं खेळतं." आई सांगायची की बाबाही म्हणतात, "कुणीतरी आहे, वळणावर फार धक्के मारतं." मी या बाबतीत तोंड उघडायचं नाही, अशी आत्याने मला पहिल्याच आठवड्यात तंबी दिली होती.

मग एका मंगळवारी आमच्या इंटरनेट कंपनीचा माणूस आला. जुना बॉक्स काढून नवा बसवला आणि वेग तिप्पट झाला म्हणून अभिमानाने हसला. (वरचे दोन्ही समोरचे दात आपण केलेले नाहीत, असं आत्याने नंतर सांगितलं.) फोन, टीव्ही, सगळं सुरळीत जोडलं गेलं. आत्याचं यंत्र मात्र अडून बसलं. पडद्यावर एक आकडा आणि खाली ओळ, "जोडणी होऊ शकली नाही."

"फार जुनं आहे हो हे," तो माणूस म्हणाला. "नवीन घ्या ना."

"तुमचे आजोबा आहेत का?" आत्याने विचारलं.

"आहेत की."

"फार जुने असतील. नवीन घ्या ना."

तो बिचारा पाणीसुद्धा न पिता निघून गेला.

मला वाटलं, एवढं काय त्यात? पण आत्या खुर्चीत बसली ती उठेना. मग हळूच म्हणाली, "रविवारी मी आले नाही, तर तिकडे काय वाटेल?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतक्या वर्षांत एकही रविवार चुकला नव्हता. आत्याला ताप होता तेव्हाही तिने पांघरुणात बसून शर्यत लावली होती. ती आली नाही, तर बाबांना एकच वाटणार, की ताईने आता हेही तोडलं. आणि बाबाही तिचेच भाऊ. ते मग पुन्हा यंत्र उघडायचे नाहीत.

"मी बाबांना फोन करून सांगते," मी म्हटलं.

"कुणाला? काय सांगणार? तुझ्या बापाचा काय संबंध?"

झालं. मी हात टेकले आणि बॉक्सची माहितीपत्रिका उघडली.

आत्याच्या कामाचा एक नियम आहे. कवळी बसत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची. माणसाला निळा कागद चावायला द्यायचा, जिथे डाग उमटेल तेवढंच घासायचं, पुन्हा चावायला द्यायचं. दोन ठिकाणी एकदम घासलं की बिघडलं कशामुळे आणि सुधारलं कशामुळे, काहीच कळत नाही. तिने वायफायलाही हाच नियम लावला. दुपारी मी कामावर असायचे. संध्याकाळी घरी यावं तर आत्या वही घेऊन बसलेली. आज फक्त जागा बदलली, फरक नाही. आज फक्त पासवर्ड छोटा केला, फरक नाही. माझा जीव मेटाकुटीला यायचा, कारण मी असते तर सगळी बटणं एकदम दाबली असती.

गुरुवारी पहिला निळा डाग सापडला. बॉक्स दोन लहरींवर बोलत होता, एक वेगवान आणि एक सावकाश. आत्याच्या यंत्राला फक्त सावकाश ऐकू यायचं. आम्ही ती वेगळी केली, वेगळं नाव दिलं. यंत्राला नाव दिसलं! आत्याने टाळी वाजवली. पण पासवर्ड टाकला की पुन्हा तोच आकडा.

शुक्रवारी दुसरा डाग. वायफायला जे कुलूप असतं, त्याच्या पद्धती दर काही वर्षांनी बदलतात. आत्याच्या यंत्राला सगळ्यात जुन्या पद्धतीचंच कुलूप उघडता येत होतं आणि नव्या बॉक्समध्ये ते कुलूपच ठेवलेलं नव्हतं. कच्चं म्हणून काढून टाकलेलं.

"मग कुलूपच नको," आत्या म्हणाली.

"आत्या, कुलूप नसेल तर कुणीही जोडेल!"

"जोडू दे की. कवळी चोरायला येणार आहेत का?"

बॉक्समध्ये पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय देण्याची सोय होती. आम्ही ते सावकाश लहरीवर, बिनकुलपाचं चालू केलं. यंत्र पटकन जोडलं गेलं. आत्या लहान मुलीसारखी हसली, आणि मला कबूल करायला हरकत नाही, मलाही भरून आलं.

हा आनंद दहा मिनिटं टिकला. मग पडद्यावरची गाडी अडखळायला लागली, थांबली, गायब झाली. मी बॉक्सचं पान उघडून बघते तो यादीत चौदा जण! तिसऱ्या मजल्यावरचा टीव्ही, खालच्या शिंप्याचा फोन, शेजारच्या शिकवणीवाल्या बाईंचा लॅपटॉप, आणखी कोण कोण. फुकट म्हटल्यावर इमारत तुटून पडली होती. ठरावीक यंत्रांनाच आत घेण्याची काही सोय असेल, म्हणून मी तासभर शोधलं, पण कंपनीने त्या पानाला स्वतःचं कुलूप ठोकलं होतं.

शनिवारी आत्या चप्पल घालून निघाली. दारोदार. मी मागे उभी राहून लाजेने अर्धी झाले होते.

"उद्या चार ते पाच माझं वायफाय उघडं असेल," ती प्रत्येक दारात म्हणाली, "त्याला कुणी हात लावायचा नाही. पाचनंतर काय ते बघू."

"एवढं काय आहे हो चार वाजता?" शिंप्याने विचारलं. तो चौकस माणूस.

"एक ओळखीचं येणार आहे."

"वायफायवर?"

"हो, वायफायवर. तुमची वरची दाढ दुखते ना अजून? तोंड मिटा, वारं लागेल."

कवळीबाईंचा शब्द कोण मोडणार? इमारतीतल्या निम्म्या लोकांचं चर्वण तिच्या हातात होतं. रविवारी चारला पाच कमी असताना आम्ही वायफाय उघडलं. यादीत एकच नाव, आत्याच्या यंत्राचं. जोडणी झाली, खेळ उघडला. आत्याने चांगला कुर्ता घातला होता, जणू पडद्यातून कुणी बघणार होतं. चार वाजले.

मित्राच्या नावापुढचा दिवा लागला नाही.

चार वाजून पाच. चार वाजून दहा. आत्या यंत्राकडे बघत होती आणि मी आत्याकडे. सव्वाचारला तिने ते मांडीवर ठेवलं. "बरं झालं," ती म्हणाली. "कंटाळा आला असेल. माणसाला कंटाळा येतो." तिचा आवाज इतका साधा होता की मी रडायच्या बेतात आले. बाबांचा मला असा राग आला, की समोर असते तर ओरडलेच असते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. आई होती.

"अगं, तुझ्या बाबांना समजाव जरा," आई म्हणाली. "बुधवारी इंटरनेट कंपनीवाल्याने आमच्याकडे नवा बॉक्स बसवला. तेव्हापासून हे त्या खेळण्याच्या मागे लागलेत. सकाळपासून जेवले नाहीत. म्हणतात, कुणीतरी वाट बघत असेल. कोण, ते सांगत नाहीत!"

मी एवढंच म्हणाले, "बाबांचंही जोडत नाहीये?"

आत्याची मान वर झाली. भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने एकदा पाहिलं. मग हात पुढे केला.

"दे इकडे."

"आत्या, आई आहे."

"त्याला दे म्हणावं."

मी फोनचा आवाज मोठा केला आणि तिच्या हातात दिला. तिकडे खुडबुड झाली, मग बाबांचा आवाज आला. "हॅलो?"

आत्याने घसा साफ केला. सात वर्षांनी भाऊ फोनवर होता आणि ती म्हणाली, "तू काय काय बदललंस?"

मग बाबा म्हणाले, "सगळंच."

"एकदम?"

"हो."

"तुझी सवयच ती! आता सगळं होतं तसं कर. मग पाहुण्यांसाठीचं वायफाय उघड. सावकाश लहर निवड. कुलूप काढून टाक."

"कुलूप काढू? कुणीही आत येईल, ताई."

"ताई" ऐकून आत्याने फोन दोन्ही हातांत धरला. मग म्हणाली, "येऊ दे. एकेक कर. झालं की सांग."

बाबा एकेक पायरी मोठ्याने वाचत गेले आणि ती "हं, पुढे," म्हणत राहिली. मध्येच तिने भुवया आक्रसल्या. "थांब. आत्ता काय म्हणालास? पुन्हा म्हण."

"सुरक्षा, सेटिंग, साठवा."

"शिट्टी वाजतेय तुझ्या बोलण्यात. दात हलतोय तुझा तो."

"दोन वर्षं झाली," बाबा म्हणाले.

"आणि दाखवला नाहीस कुणाला?"

"कुणाला दाखवणार? ज्याने बसवला त्याला काही कळत नाही. आणि तुला..." बाबा थांबले. "तुझाच चांगला होता, ताई. मी गाढवपणा केला. किती वेळा वाटलं सांगावं, पण तोंड नव्हतं."

आत्याने डोळे पुसले, सरळ कुर्त्याच्या बाहीने. "पुढच्या शनिवारी ये. माप घ्यायला लागेल. आणि चहा आधीसारखाच पीत असशील ना? रंग बघावा लागेल."

एवढ्यात मांडीवरच्या यंत्राने टिंग केलं. नावापुढचा दिवा लागला होता. "आलो!" बाबा फोनमध्ये ओरडले, "ताई, जोडलं गेलं! लावायची शर्यत?"

"लावू की," आत्या म्हणाली. "आपली आई गेल्यानंतर तिचं कपाट कुणाकडे आहे रे?"

मग कपाटाचं निघालं, त्यातून आजीचं, त्यातून बाबांच्या सायकलचं. आत्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसली. दोन्ही गाड्या सुरुवातीच्या रेघेवर शेजारी शेजारी उभ्या होत्या आणि कुणीच बटण दाबत नव्हतं. साडेचार झाले, पावणेपाच झाले. शेवटी कुणी खेळत नाही असं बघून पडदा आपोआप काळा झाला. आत्याच्या ते लक्षातही आलं नाही.

पाच वाजून दोन मिनिटांनी दार वाजलं. शिंपी होता, हातात फोन घेऊन, आणि त्याच्यामागे जिन्यात आणखी तिघं.

"कवळीबाई, पाच वाजले," तो म्हणाला. "झालं का तुमच्या ओळखीच्यांचं? आता जोडू का?"

आत्याने फोनवर तळवा ठेवला.

"जोडा, खुशाल जोडा," ती म्हणाली. "आणि जरा हळू बोला. माझा भाऊ आहे फोनवर."