आमच्या विहारातला सिरियमचा पंखा

मला राग पटकन येतो. लाज मात्र उशिरा येते, आणि आली की घास उतरत नाही. यंदाच्या उन्हाळ्यात तसंच झालं.

मी नांदेडला चुंबकांवर पीएचडी करते. कमी वीज खाणाऱ्या नव्या पंख्यांत जोरदार चुंबक लागतात. त्यांत निओडिमियम नावाचा धातू असतो. तो महाग, आणि येतो बहुतेक बाहेरदेशातून. त्याच खाणीत त्याच्यासोबत सिरियम ढिगानं निघतो, पण त्याला कुणी विचारत नाही. थोडं निओडिमियम काढून सिरियम घालायचा आणि तरी चुंबक दमदार ठेवायचा, एवढाच माझा उद्योग. अडचण अशी की सिरियमच्या चुंबकाला उष्णता सोसत नाही. तापला की ताकद जाते, आणि गेलेली सगळी परत येत नाही. आम्हाला त्यावर उपाय सापडला होता, निदान तसं वाटत होतं.

म्हणून आमचे चुंबक घातलेला एक पंखा मी मुखेडकडच्या माझ्या गावी बुद्धविहारात लावला. वर नुसते पत्रे. इथं उन्हाळा काढला तर कुठंही चालेल, असं माझ्या गाइड सरांना छाती ठोकून सांगितलं. लक्ष ठेवायला आबा, म्हणजे माझे वडील. दर रविवारी मी फोन करायची.

"पंखा कसा हाय, आबा?"

"झकास!"

मागून आत्याचा आवाज यायचा, "लई वारं हाय म्हनावं तिला."

मी सरांना तेच कळवत गेले. खरं तर स्वतः जाऊन मापं घ्यायला हवी होती. पण एवढी माणसं खूश आहेत म्हटल्यावर उन्हातान्हात कशाला जा, असं वाटलं. सर म्हणाले, प्रबंधात यावर एक अख्खं प्रकरण लिही. मी लिहायला घेतलंसुद्धा.

मे महिन्यात न कळवता एसटीनं गेले. भर दुपारी थेट विहारात. दारातून बघते तर माझ्या पंख्याची पाती एकेक मोजता येत होती. बायका भिंतीकडे सरकून, कुणाच्या तरी घरून आणलेल्या टेबलफॅनसमोर बसलेल्या. मला बघताच एकीनं झटकन त्याची पिन उपटली आणि सगळ्याजणी माझ्या पंख्याखाली येऊन बसल्या. आत्या पदरानं कपाळ पुसत म्हणाली, "ये माय, बस. काय गार वारं हाय बग!"

तेवढ्यात आबा आले.

"कवापासून असं चालून राहिलं हे?" मी विचारलं.

"चैतापासून."

"मग फोनवर झकास झकास काय लावलं होतं? डोकं फिरलंय का तुमचं?" मी सगळ्यांसमोर ओरडले.

आबा खाली बघत म्हणाले, "तुजी पीएचडी अडंल म्हून. समद्यांनी ठरवलं, पोरीला सांगायचं न्हाई."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं ते बोलले होते, पण विचारलं कुणाला होतं मी? ज्यांच्या जिवावर शिकले त्यांनाच, की माझं काम चांगलं झालंय का! नाही कोण म्हणणार होतं? ही म्हातारी माणसं माझ्यापायी उकाड्यात शिजत बसली, आणि वर मीच त्यांच्यावर आवाज चढवला.

तिथंच पायरीवर बसून सरांना फोन लावला, सगळं सांगितलं. म्हणजे प्रकरण गेलं, आणि त्यासोबत वर्षही. सर म्हणाले, "नक्की कधी मंदावला ते तरी विचार. खरं कळलं तर तेच आपल्या कामाचं आहे."

आबांना नेमका दिवस आठवेना. ते विहारात यायचे संध्याकाळी, थोडा वेळ. मी आत जाऊन आत्याचे दोन्ही हात धरले.

"आत्या, चुकलं माझं. आता खरं सांगितलं तरच माझं भलं होईल. पंखा हळू कधी झाला?"

आत्यानं बायकांकडे बघितलं. तिच्या हनुवटीवरून घाम ओघळत होता.

"आमाला त्यातलं काय कळतंय, बाय," ती म्हणाली. "पन तू आल्यापासून लई चांगला फिरून राहिला."