शुक्रवारचा मराठी अर्धा तास

सहार विमानतळाच्या दारात आईनं माझा हात धरला आणि चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तिकडे हळू बोलत जा गं, परका मुलूख आहे." माझा आवाज कुणावर गेलाय ते तुम्हाला कळलंच असेल. बाबा नुसते ट्रॉली ढकलत होते. मी रडले नाही. नवरा आधीच दुबईत होता आणि दोन वर्षांत परतायचं, असं आमचं ठरलं होतं.

त्या मोठ्या आवाजानंच मला दुबईत काम दिलं. तिथल्या एका हिंदी रेडिओ स्टेशननं शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, मराठीला अर्धा तास दिला आणि तो माझ्याकडे आला. तुम्हा तिकडच्यांना हसू येईल, अर्ध्या तासाचं काय एवढं! अहो, आठवडाभर ऑफिसात इंग्रजी, दुकानात हिंदी. मनातलं बोलायला मला तेवढाच वेळ होता. तो गेला असता तर मी वेडी झाले असते, खरंच सांगते.

आणि तो जायची वेळ आलीच. मॅनेजर म्हणाला, "मॅडम, सुनता कौन है? एक महीने में चिट्ठियाँ दिखाइए, नहीं तो खलास."

मी दर शुक्रवारी श्रोत्यांना पत्रं मागितली. महिनाभरात एकेचाळीस आली, सगळी मुहैस्नाहच्या लेबर कॅम्पमधून. मी नाचायचीच बाकी होते. मॅनेजरनं ती टेबलावर पसरली. अक्षर एकच, शाईही एकच. "ये सब आपने घर बैठके लिखी हैं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण अक्षर खरंच एक होतं. येता शुक्रवार शेवटचा, असं त्यानं सांगून टाकलं. घरी नवरा म्हणाला, "गप्प बस. माझ्या व्हिसावर आहेस, काही झालं तर दोघांनाही परत पाठवतील."

स्क्रिप्ट आधी अप्रूव्ह करून घ्यावं लागे, त्याबाहेर एक शब्द चालत नसे. शेवटचं मिनिट उरलं. मी कागद उलटा ठेवला आणि माइकवर म्हणाले, "मुहैस्नाहहून ज्यांनी पत्रं पाठवली, त्यांनी आज अकरापर्यंत स्टेशनच्या गेटवर यावं. नाही आलात तर हा कार्यक्रम आज संपला." ऑपरेटर काचेतून बघतच राहिला. मॅनेजर धावत आला. "आप भी खलास," एवढंच म्हणाला.

अकराला पाच कमी असताना एका पिकअपमधून सातजण उतरले, इस्त्रीचे शर्ट घालून. पुढं रत्नागिरीचे हनीफभाई, कॅम्पचे स्टोअरकीपर. "बाय, लिवलं मीच. ह्यांच्यातल्या निम्म्यांना लिवता येत नाय. पण सांगितलं ज्यानं त्यानं."

मॅनेजरनं मला गप्प बसवलं, पत्रं हातात धरली आणि प्रत्येकाला विचारलं, तुम्ही काय लिहायला सांगितलं होतं? कुणी भावगीत मागितलं होतं, कुणी बायकोचं नाव घ्यायला सांगितलं होतं. एकेक जुळत गेलं. एक जरी चुकला तरी संपलं. शेवटचा बाबाजी म्हणाला, "गाणं नको होतं मला. आमच्या एस्टीचे थांबे वाचून दाखवा, म्हटलं होतं."

"कौन से?"

बाबाजीनं डोळे मिटले. "हातखंबा, पाली, लांजा, ओणी…"

"अरे, वाटूळ राहिलं!" मागचे सगळे एकदम ओरडले.

मॅनेजरनं पत्रावर बोट ठेवलं. लांजा आणि ओणीच्या मध्ये वाटूळ होतं. त्यानं ते पत्र माझ्या हातात दिलं. मग मला म्हणाला, "अगले शुक्रवार ये पढ़ दीजिए." मी तिथंच सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले.

पुढच्या शुक्रवारी ते थांबे वाचले. मग दुसरे श्रोतेही तेच मागायला लागले, म्हणून पुन्हा वाचले, कितीदा तरी. काही वर्षांनी स्टेशन विकलं गेलं आणि आमचा अर्धा तास कुणाला न सांगताच बंद झाला. आता आम्ही दुबईतच, इंटरनॅशनल सिटीत राहतो. मुलगी म्हणते, "आई, हू लिसन्स टू रेडिओ?"

सुट्टीत पुण्याला जाते, तर माहेरच्या गल्लीचं वळण चुकतं आणि रिक्षावाला विचारतो, "मॅडम, नवीन का इथं?" राग येतो, पण त्याचं तरी काय चुकलं? हातखंबा ते राजापूर मात्र कधीही विचारा, एकही थांबा चुकायची नाही. तिकडे मी आजवर एकदाही गेलेली नाही.