पडीक जमिनीवरची अंबाडी

मी पोहोचले तेव्हा जेसीबीचं पुढचं चाक पहिल्या वाफ्यावर चढलेलं होतं. इंजिन चालूच. चाकाच्या बरोबर समोर नसीमबाजी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर पर्स, डोक्यावर छत्री, दवाखान्यात नंबराची वाट बघत बसावं तशा. त्यांच्या मागे पुरुषभर उंच, हिरवीगार झाडं.

"तुम्हीच कृषीच्या मॅडम ना?" एक तरुण फौजदार पुढे आले. "पंच म्हणून फक्त सही करायची आहे. गांजा सापडलाय. पंचनामा झाला की उपटून नष्ट करायचा. जेसीबी आणलाय."

मी झाडांकडे बघितलं. मग फौजदारांकडे. मग पुन्हा झाडांकडे.

"साहेब, ही अंबाडी आहे."

"धाड पडली की सगळे असंच काहीतरी म्हणतात, मॅडम."

मी तेव्हा लातूर जिल्ह्यात मंडळ कृषी अधिकारी होते. गाव अहमदपूरच्या अलीकडचं. त्याचं आणि ठाण्याचं नाव सांगत नाही. फौजदार कधीच बदलून गेलेत आणि माणूस वाईट नव्हता. मुंबईत वाढलेला, आमच्याकडे येऊन तीन आठवडे झालेला. अंबाडीची भाजी त्यांनी खाल्ली असेलही, पण ती ताटात. उभी अंबाडी पहिल्यांदाच बघत होते.

गांजाच्या खऱ्या पंचनाम्यांना मी तीन-चारदा गेले होते. गांजा लावणारा तो लपवतो. तुरीच्या ओळीत, हळदीच्या आत, आडरानात. बाजींची वीस गुंठे जागा गावाला लागून, समोरून एसटी जाते. पण भोवती हिरवी जाळी होती आणि फाटकावर पाटी होती, 'विचारल्याशिवाय आत पाय ठेवू नये'. त्या पाटीवरूनच कुणीतरी ठाण्यात फोन केला होता. वाफे कुणी तुडवू नयेत म्हणून जाळी आणि पाटी, दोन्ही मीच लावायला सांगितलं होतं. म्हणजे या सगळ्या घोळाची पहिली कडी माझ्याच हातातली.

झालं असं होतं की बाजी उर्दू शाळेतल्या शिक्षिकेच्या नोकरीतून रिटायर झाल्या आणि आमच्या एका प्रशिक्षणाला येऊन बसल्या. विषय होता बिनमशागतीची जिवंत माती. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी आहे. जमिनीपासून वीतभर उंच मातीचा गादीवाफा एकदाच करायचा. त्यानंतर नांगर नाही, कुदळ नाही, वाफ्यावर पाय नाही. वरून सोयाबीनचं भुसकट झाकायचं. पीक निघालं की झाड उपटायचं नाही, जमिनीलगत कापायचं. मुळं आतल्या आत कुजतात, त्यांच्या जागी बारीक नळ्या राहतात, त्यातून पाणी आणि गांडुळं खाली जातात. आमची जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. बाजींच्या आठ वाफ्यांना पाच वर्षांनी एकही भेग नव्हती. भुसकट बाजूला केलं तर मातीत कोपरापर्यंत हात जायचा. हे मी शंभर माणसांना शिकवलं असेल. शब्द न शब्द पाळणाऱ्या फक्त नसीमबाजी.

आणि आता त्यावर सात-आठ टनांचं यंत्र चढत होतं.

"मॅडम, यांना म्हणावं आधी चाक खाली घ्या," बाजी खुर्चीतून म्हणाल्या. "मग काय ते गांजा-बिंजा बोलू."

मी फौजदारांना म्हटलं, निदान इंजिन तरी बंद करा. त्यांनी खूण केली. इंजिन बंद झालं, चाक तिथंच राहिलं.

"मी तयारी न करता आलेलो नाही," असं म्हणत त्यांनी मोबाइल काढला. "हा व्हिडिओ बघा. परदेशातला आहे, तिथे कायद्याने चालतं म्हणे."

व्हिडिओत एक दाढीवाला माणूस आपल्या परसात उभा होता. वीतभर उंच वाफे. वर पेंढा. पेंढा उचलून तो गांडुळं दाखवत होता, आणि या मातीला मी कधी नांगर लावत नाही, असं अभिमानानं सांगत होता. आणि वाफ्यांवर रांगेनं गांजाची झाडं, दाढीवाल्याच्या डोक्याच्याही वर.

"उंच वाफे, पेंढा, गांडुळं, नांगरणी नाही," फौजदारांनी बोटं मोजली. "सगळं जुळतंय. सांगा आता."

खरं सांगायचं तर त्या माणसाची शेती उत्तम होती. तेवढ्यात बाजी खुर्चीतून वाकून मोबाइलमध्ये बघायला लागल्या.

"भुसकट लई पातळ घातलंय यानं. ऊन लागून राहिलंय मातीला."

"बाजी, गप्प बसा."

"आन ते खाली बारीक काय लावलंय? मेथीसारखं? जरा मागं घ्या बरं, साहेब."

फौजदारांनी खरंच व्हिडिओ मागे घेतला. दोघं मिळून बघत राहिले. मला कपाळ कुठे बडवावं कळेना. अमली पदार्थांचा कायदा फार कडक आहे. त्यात नाव अडकलं की जामिनाचे वांधे होतात. आणि ही बाई आरोपाचा पुरावा बघून त्यातून आच्छादन शिकत होती.

"साहेब, ही पद्धत आहे, पीक नाही," मी म्हटलं. "या पद्धतीनं तो गांजा लावतो, या अंबाडी लावतात. कुणी वांगीही लावेल."

"मग लपवलं कशाला?" त्यांनी फाइलमधून सातबारा काढला. "हे बघा. पीक पाहणीच्या रकान्यात काय आहे? पडीक. पाच वर्षं पडीक. सरकारी कागदावर इथं काहीच पिकत नाही आणि जाळीच्या आत एवढी झाडं."

हे मात्र मला ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे ठाऊक होतं, विसरले होते. पहिल्या वर्षी पाहणीला आलेल्यानं रस्त्यावरूनच बघितलं. नांगरट नाही, ढेकळं नाहीत, सगळीकडे भुसकट. आमच्याकडे नांगरलं नाही म्हणजे पेरलं नाही. लिहिलं पडीक. पुढच्या वर्षी मागच्या वर्षीचं बघून लिहिलं. बाजींनी मोबाइलवरून स्वतः पीक नोंदवलं, ते तपासणीत उडालं. पुन्हा पडीक.

बाजींनी पर्समधून प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यात पीक नोंद दुरुस्तीच्या तीन अर्जांच्या पोचपावत्या होत्या. तिसऱ्या अर्जावर खाली माझ्याच हातची शिफारस, 'योग्य ती कार्यवाही व्हावी'.

"मॅडमच म्हणल्या होत्या, होऊन जाईल," बाजी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं. फौजदार माझ्याकडे बघत होते आणि मी माझ्या चपलांकडे.

त्या चपला मग मी काढल्या. वाफ्यांच्या मधल्या वाटेनं आत गेले आणि एक फांदी कापून आणली.

"हे पान बघा. दुरून गांजासारखंच दिसतं, मान्य. बोटं बोटं, कडेला दाते. पण ही बोटं देठाशी एकमेकांना जोडलेली आहेत. पान एकच आहे, खोलवर कापलेलं. गांजाचं प्रत्येक बोट सुटं असतं. आता खोडावरून हात फिरवा. बारीक काटे लागतात? गांजाला काटे नसतात. चोळून वास घ्या. आहे वास? गांजा असता तर हात धुतला तरी गेला नसता. पंधरा दिवस थांबलात तर पिवळी फुलं येतील, मध्ये काळसर लाल. आणि चव आंबट."

"चव?" फौजदार दचकले. "ड्युटीवर मी हे तोंडात घालू?"

त्यांच्यामागे हवालदार केंद्रे उभे होते. वयस्कर, मूळचे किनवटकडचे, आल्यापासून एक शब्द बोलले नव्हते. त्यांनी माझ्या हातातलं पान घेतलं, तोंडात टाकलं आणि शांतपणे चावलं.

"आंबट हाय, सायेब."

"नक्की?"

"नक्की म्हंजे? आमच्या घरी दर बुधवारी असते. कण्या टाकून, वरून लसणाची फोडणी. भाकरीसंगट."

फौजदार त्यांच्याकडे बघतच राहिले. "केंद्रे, म्हणजे तुम्हाला आल्या आल्या कळलं होतं?"

"फाटकातूनच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी विचारलं न्हाई, सायेब. तुमी म्हणले जेसीबी सांगा. म्या जेसीबी सांगितला."

इतका वेळ मी आवाज वर जाऊ दिला नव्हता. आता मात्र गेला. केंद्र्यांना मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि दुसरं पान तोडलं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण फौजदारांनी छाप्याची खबर वर देऊन ठेवली होती. आता रिकाम्या हातानं परत जाता येईना. पंचनामा करावाच लागणार होता, अंबाडीचा का होईना, आणि एक झाड तपासणीसाठी लॅबला पाठवावं लागणार होतं.

"घ्या की," मी म्हटलं. सुटले एकदाची, असं वाटलं.

"मुळासकट," फौजदार म्हणाले.

"मुळासकट न्हाई मिळायचं," बाजी म्हणाल्या.

मी डोळे मिटले.

"बाजी, एक झाड."

"एक का होईना. पाच सालं झाली, या मातीतून एक मूळ उपटलं न्हाई मी. तुमीच सांगितलं होतं, उपटलं की आतलं सगळं घर मोडतं. जमिनीलगत कापून देते. दहा कापून देते."

"फॉर्मवर मूळ, खोड, पान असे तीन रकाने आहेत," फौजदार म्हणाले. तेही आता रडकुंडीला आले होते. "मूळ नसेल तर नमुना परत येतो. मग मला पुन्हा यावं लागेल. पुन्हा पंच, पुन्हा सगळं."

"बाजी, तुरुंगात जायची वेळ आली होती तुमच्यावर. तुम्हाला कळतंय का?"

"मला कळतंय. मातीला कुठं कळतंय?"

नोकरीभर मी असाच शेतकरी शोधत होते, आणि त्या क्षणी मला त्याचा गळा धरावासा वाटत होता. मी त्यांना काहीबाही समजावलं, हात जोडले, चिडले. शेवटी म्हटलं, पोलिसांनी उपटण्यापेक्षा तुम्ही काढलेलं बरं नाही का?

बाजींनी आधी चाकाकडे बघितलं. मग छत्री मिटून उठल्या. जेसीबीचं चाक जिथं चढलं होतं, त्याच वाफ्याच्या टोकाचं झाड त्यांनी निवडलं. खुरपं घेतलं नाही. वाटेत उकिडवं बसून भुसकट हातानं बाजूला केलं आणि बोटांनी माती सैल करत राहिल्या. दहा-पंधरा मिनिटं गेली असतील. फौजदार उभे होते, केंद्रे उभे होते, जेसीबीवाला वरून वाकून बघत होता. मूळ बाहेर आलं तेव्हा त्याला पांढऱ्या बुरशीच्या बारीक तारा लोंबत होत्या आणि मातीच्या गोळ्यात दोन गांडुळं. बाजींनी गांडुळं सोडवून खड्ड्यात परत ठेवली, माती लोटली, वर भुसकट पसरलं आणि तळहात त्यावर ठेवून तशाच बसून राहिल्या. तेव्हा मला त्यांच्यावर चिडता आलं नाही.

फौजदारांनी झाड दोन्ही हातांनी घेतलं. पंचनामा मात्र त्यांनी चोख केला. दीड तास लागला. वाफे मोजले, लांबी-रुंदी घेतली, चतुःसीमा लिहिली. वाटेत शिरताना बूटही काढले, न सांगता. मी पंच म्हणून सही केली. जेसीबी मागे गेला. जाताना चाक वाफ्यावर अजून एकदा दबलं.

महिन्याभरानं लॅबचा अहवाल आला. गांजा नाही. तेवढं सांगायला केंद्र्यांचा बुधवार पुरेसा होता.

त्यानंतर बाजी माझ्या ऑफिसात आल्या. हातात चौथा अर्ज आणि त्याला जोडलेली पंचनाम्याची नक्कल.

"बघा मॅडम, सगळं लिवलंय यात. आठ गादीवाफे. उभं पीक अंबाडी. समक्ष येऊन बघितलं. फौजदाराची सही हाय, शिक्का हाय, पंच म्हणून तुमी हायत. आता पडीक कसं म्हणतील?"

महसूलवाले नाही म्हणू शकले. तीन अर्जांना आणि माझ्या शिफारशीला जे जमलं नव्हतं, ते आठ दिवसांत झालं. पाच वर्षं शेती केल्याचा सरकारी पुरावा बाजींकडे एकच होता, आणि तो गांजाच्या छाप्यातला होता. मी रिटायर होईपर्यंत प्रशिक्षणात एक वाक्य जास्तीचं सांगायचे. नांगर लावू नका, वाफ्यावर पाय देऊ नका, आणि सातबारा दरवर्षी काढून बघा. पहिली दोन वाक्यं लोक वहीत लिहून घेत. तिसऱ्याला हसत.

त्या दिवशी बाजी अर्ज देऊन उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि पंचनाम्याची नक्कल पुन्हा उघडून बघायला लागल्या. आता दोन वर्षं होऊन गेली. पाऊस झाला की सगळे वाफे पाणी पिऊन टाकतात, पहिल्या वाफ्याच्या टोकाला मात्र हातभर जागेत अजून पाणी साचतं. तेव्हा मला त्याची कल्पना नव्हती. बाजींना असावी.

"सगळं लिवलंय," त्या म्हणाल्या. "चाक तेवढं लिवलं न्हाई."