उतारावर किल्ली माझ्या मुठीत

माझ्या अक्षराला हसू नये, ही पहिली विनंती. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढं हातात पेन फारसं आलं नाही, नट-बोल्ट खोलायचा पान्हा आला. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं आपलं आपण नीट करून घ्यावं. तसं वाचणारं कुणी नाहीच म्हणा... लिहून झालं की हे कागद मी ट्रंकेत ठेवणार आहे. पण आमच्या गॅरेजला ज्या रद्दीत पार्ट बांधून येतात, त्यात लोकांनी लिहिलेले असे भुताखेतांचे अनुभव असतात. ते मी पुष्कळ वाचलेत. अर्धे फाटलेले, ग्रीस लागलेले. वाचून हसायची मी! आमच्या गल्लीत एकीच्या अंगात यायचं, तेव्हा मी मनातल्या मनात तिला विचारायची, बाई गं, भांडी घासायच्या वेळेलाच बरं येतं? (मोठ्यानं विचारायची छाती नव्हती. चारचौघांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही.)

सांगायचं म्हणजे, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. आजही भुतांवर नाही. पण जे झालं ते झालं.

आमचं गॅरेज केजला. मालक, म्हणजे माझे यजमान, जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकली घेतात, नव्यासारख्या करतात आणि विकतात. गाड्या आपल्याकडंच बनलेल्या, पण इंजिन जपानी. आरएक्स म्हटलं की पोरं अजून वेडी होतात. मी लग्न झाल्यापासून रॉकेलमध्ये पार्ट धुतेय. पिस्टन, गिअरची चाकं, साखळी... गंजलेलं कळकट लोखंड रॉकेलमधून चांदीसारखं वर येतं ना, ते मला अजूनही बघत बसावंसं वाटतं.

मागच्या उन्हाळ्यात मालकांनी हैदराबादच्या भंगारवाल्याकडून एक आरएक्स आणली. गाडी कसली, नुसता सांगाडा! टाकीला भोकं, सीटमध्ये उंदराचं घर. पण इंजिन उघडलं आणि मालक लहान पोरासारखे ओरडले, "शोभे, हिकडं ये! आतून सोनं हाय हे!"

सोन्याला पैसे लागतात. बोअर-पिस्टन, क्रोम, रंग. ते मी बचत गटातून उचलले. खरं तर तेव्हा कर्ज उचलायची पाळी गटातल्या गयाबाईची होती, तिला म्हैस घ्यायची होती. पण ती म्हणाली, "घे तू आधी. तुझी गाडी इकली की गटात भर, मग मी उचलते. म्हैस काय पळून चाललीय?" माझ्या नुसत्या शब्दावर तिनं आपली पाळी सोडली. मी, जिला गटाच्या बैठकीत स्वतःचं नाव सांगायला घाम फुटतो! ते पैसे माझ्या उरावर होते, हे आधीच सांगून ठेवते.

गाडी तयार झाली... काय सांगू! काळी कुळकुळीत, टाकीवर सोनेरी पट्टा, सायलेन्सरमध्ये तोंड बघावं. इंजिन नवीन बोअर केलं की आधी बरेच दिवस हळू चालवून मुरवावं लागतं. मालकांना वेळ नव्हता. म्हणाले, "तूच काढ रनिंग." गॅरेजमागच्या माळावर मी सकाळी सकाळी चकरा मारायला लागले. पदर कमरेला घट्ट खोचून, अंगात मालकांचा शर्ट घालून. पहिला गिअर टाकला आणि गाडी पुढं सरकली, तेव्हा माझ्या तोंडून किंकाळी गेली. भीतीची नव्हे, आनंदाची. आजवर मी तेवढ्या मोठ्यानं कधी ओरडले नव्हते.

गाडी मुरली. मग एका दुपारी मालक म्हणाले, चल, तुझ्या माहेराला जाऊन येऊ, लांबचा पल्ला बघू. माझं माहेर युसूफ वडगावच्या पुढं, वस्तीवर. वाटेत एक माळ लागतो. माळ संपला की लांब उतार, तळाला ओढ्यावरचा पूल आणि पुलाच्या पलीकडं लगेच चढ.

माळ संपला, गाडीनं उताराकडं तोंड केलं आणि इंजिन बंद! न गचके खाता, न खोकता. कुणीतरी दिवा मालवावा तसं.

"पेट्रोल संपलं का वो?"

"आत्ताच भरलंय की! टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं आसंल. हवा मिळंना तिला."

मालकांनी गाडी न्यूट्रल केली. आम्ही गुपचूप खाली घरंगळत आलो, नुसता चाकांचा आणि वाऱ्याचा आवाज. पूल आला. आणि टक्क! गिअर पडला, इंजिन पेटलं, गाडी चढाला लागली.

"बघा, झाली चालू," मी म्हणाले.

मालकांनी वाकून पायाखालच्या गिअरकडं बघितलं. मग म्हणाले, "मी गिअर टाकला न्हाई."

घरी आल्यावर त्यांनी झाकणाचं भोक साफ केलं. पुढच्या खेपेला पुन्हा तिथंच बंद, पुलाशी पुन्हा चालू. कार्बोरेटर उघडला. प्लग बदलला, कॉइल बदलली. दर खेपेला मी मागं बसलेली असायचीच. तरी पुन्हा तेच! इतर सगळ्या रस्त्यांवर गाडी वाऱ्यासारखी. मालकांची झोप उडाली. लातूरचं एक गिऱ्हाईक रोज फोन करत होतं, पण मालक गाडी देईनात. "त्याला काय सांगू? लई भारी गाडी हाय, फकस्त तिला उतार आवडत न्हाई?"

तिकडं गयाबाई दळणाच्या रांगेत सगळ्यांसमोर म्हणाली, "का गं शोभा, तुमची जपानी म्हैस कवा इकायची? माझी खरी म्हैस थांबलीया तिच्यापायी." सगळ्या हसल्या, मीही हसले. पण घरी येऊन गाडीवरची धूळ नुसती पुसत बसले.

मग एके दिवशी उतारावर मीच म्हणाले, "मला पुलाजवळ सोडा. तुमी एकलेच वर जाऊन या."

मालक एकटे वर गेले, उताराला लागले... गाडी गर्जत खाली आली! पुन्हा गेले, पुन्हा तसंच. मग मला मागं बसवून आणलं, तर माळ संपताच बंद.

"तुझ्या वजनानं?" मालक डोकं खाजवत म्हणाले.

"मग पोतं बांधून बघा!"

खरंच बांधलं. दुसऱ्या दिवशी सरकीच्या पेंडीचं पोतं मागं करकचून बांधून मालक उतरले. पोतं गर्जत आलं. रस्त्यानं शेळ्या घेऊन चाललेला एक म्हातारा थांबून म्हणाला, "पावण्या, बायकूला रस्त्यात हुबं करून पेंड फिरीवतोस व्हय बे?" आम्ही दोघं तिथंच पुलाच्या कठड्यावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. हसता हसता माझं लक्ष त्याच्या शेळ्यांकडं गेलं... आणि मला आठवलं.

माझे आबा, म्हणजे वडील, शेळ्यामेंढ्यांचा व्यापार करायचे. त्यांच्याकडं लाल आरएक्स होती. बाजाराच्या दिवशी मला पुढं टाकीवर बसवून न्यायचे. येताना हा माळ संपला की गाडी न्यूट्रल करून बंद करायचे. पेट्रोल वाचावं म्हणून. तेव्हा सगळेच करायचे तसं. आणि किल्ली काढून माझ्या मुठीत द्यायचे. त्या गाडीचं हँडल लॉक वेगळं, म्हणून चालता चालता किल्ली काढता यायची. मूठ घट्ट आवळून बसणं हे माझं काम. पूल आला की मी किल्ली द्यायची, ते लावायचे आणि गिअर टाकायचे. टक्क!

आबा घरी बोलत नसत. दिवसभर गिऱ्हाइकांशी घासाघीस करून त्यांचं तोंड दुखायचं. पण उतारावर, इंजिन बंद असताना, बोलायचे. "आज काय शिकविलं गं साळंत?" मी उतार संपेपर्यंत सांगत राहायची. पाचवीची शाळा दुसऱ्या गावात होती, म्हणून चौथीनंतर माझं नाव काढलं. त्यानंतरच्या बाजारी ते उतारावर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुज्या साळंचं म्हंजी..." आणि पूल आला. पुढं जे बोलले ते इंजिनाच्या आवाजात गेलं. मी विचारलं नाही. त्यांनी परत सांगितलं नाही. माझ्या लग्नाआधीच ते गेले.

मालकांना मी किल्लीचं सगळं सांगितलं. त्यांचे डोळे चमकले. "म्हंजी ही तुज्या आबांचीच गाडी! चल, माहेरी इचारू."

तिथं माय ऐकून म्हणाली, "येड लागलंय का? ती गाडी तवाच भंगारात तोडली. टाकी तेवढी ऱ्हायली. ती बघ, कोंबड्या बसतेत तिच्यावर." घरामागं गेलो. लाल रंग उडालेली, चेपलेली टाकी. तीच. आमच्या गाडीच्या कागदांवर तर आधीचे सगळे मालक हैदराबादकडचे. ही गाडी आमच्या जिल्ह्यात त्याआधी कधी आलीच नव्हती.

मग जिच्यात आबांचं काहीच नाही, ती गाडी त्यांची खोड कुठून शिकली?

केजला परत येताना उतार चढून माळावर आल्यावर मी मालकांना म्हणाले, "मी एकली उतरवते. तुमी पुलाशी थांबा." ते माझ्याकडं बघत राहिले. भर दुपार, रस्त्यानं जीप, माणसं... आणि मी, जी बाजारात भाव विचारायलाही लाजते! पण गेले ते. एका जीपला हात करून पुलाशी जाऊन उभे राहिले.

मी गाडी पुन्हा उताराकडं वळवून काढली. माळ संपायच्या आतच, ती बंद पडायची वाट न बघता, मीच न्यूट्रल केली, किल्ली फिरवली, काढली आणि डाव्या मुठीत आवळली. शांत. उतार सुरू झाला. कानात वारा. आणि मी बोलले. मोठ्यानं. म्हणाले, "आबा, मी वाचते. रद्दी येती ती सगळी वाचते. लिहायलाबी येतंय. साळंचं मनाला लावून घेऊ नका."

पूल आला. मी किल्ली लावायला मूठ सैल केली, पण गाडी थांबली नाही, पेटलीही नाही. मालकांच्या समोरून तशीच, आवाज न करता, पूल ओलांडून पलीकडच्या चढाला लागली. चढावर! बंद गाडी, तीही वेग न सोडता. आतापर्यंत ती पुलाशी कधी चुकली नव्हती. या वेळी कुणाचं तरी बोलणं पुरं व्हायचं होतं, म्हणून ती पेटायची थांबली होती असं मला वाटलं. कानाला काही ऐकू आलं नाही, खोटं कशाला सांगू. पण त्या सगळ्या चढावर मी टाकीवर बसलेल्या पोरीसारखी बिनघोर होते.

चढ संपला. पायाखाली गिअर आपोआप हलला, टक्क! आणि इंजिन पेटलं. मी गाडी उभी केली. मालक धापा टाकत पळत आले. मी मूठ उघडून दाखवली. किल्ली तिच्यात होती, आणि गाडी फटफटत होती.

त्यांनी हात लावून बघितला, आधी किल्लीला, मग माझ्या कपाळाला. म्हणाले, "मिस्त्री हाय मी. ह्याला वायरिंग न्हाई."

त्या दिवसानंतर गाडी उतारावर कधीच बंद पडली नाही. मी मागं बसले तरी नाही, एकटी चालवली तरी नाही.

लातूरचं गिऱ्हाईक आलं. मालकांनी त्याला सगळं खरं सांगितलं. तो हसला, स्वतः उतारावर चार चकरा मारून आला आणि म्हणाला, "गोष्टीचे वेगळे पैसे लागतात का, मामा?" सौदा ठरला. गाडी टेम्पोत चढवायच्या आधी मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "ठेवायची का? तू म्हणशील तसं."

जीभ 'ठेवा' म्हणायला आली होती. पण गयाबाईनं माझ्या शब्दावर पाळी सोडली होती. आणि आबांचं जे सांगायचं राहिलं होतं, ते माझ्यापुरतं पोचलं होतं. मी म्हणाले, "द्या."

यातलं काहीच मला अजून उलगडलेलं नाही. मालक अधूनमधून कागदावर वायरिंग काढत बसतात, मग कागद चुरगळून टाकतात.

त्या संध्याकाळी गटाची बैठक होती. मालकांनी गटाच्या वाट्याचे पैसे रुमालात बांधून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, "धर. सांडू नको."

मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. किल्लीची सगळी गोष्ट मी त्यांना सांगितली होती, पण किल्ली देताना आबा काय म्हणायचे, ते कुणालाच सांगितलं नव्हतं. मायलासुद्धा नाही. हेच शब्द. "धर. सांडू नको."

"आसं का म्हणालात?"

"कसं? पैसं हायेत म्हणून म्हणालो. कावून?"

मी 'काही नाही' म्हणाले आणि निघाले. गल्लीभर मूठ आवळून चालले. बैठकीत सगळ्या बायका बसल्या होत्या. त्या दिवशी माझं नाव मी मोठ्यानं सांगितलं, गयाबाईसमोर मूठ उघडली आणि गटाचे पैसे व्याजासकट पुरते फेडले.