मामाची मांडी
माझ्या भाच्याची गोवराची लस एका पुढाऱ्याच्या तारखेसाठी थांबली होती. चारचौघांत हे सांगितलं की लोकांना वाटतं, मी तिखटमीठ लावतोय. मी लावत नाही. माझ्या बहिणीच्या सासरी तशी गरजच पडत नाही.

बहीण दिलीय शिरूर तालुक्यात, सणसवाडीपासून जवळच. मी दौंडला राहतो आणि कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. तिचं सासर बागायती. रस्त्याला लागून भाड्यानं दिलेल्या खोल्या, मागं दाजींचं पोल्ट्रीचं शेड. सासरे, म्हणजे आबा, सोसायटीचे माजी चेअरमन. माजी झाले तरी गाडीवरची पाटी अजून उतरलेली नाही.

भाच्याला नववा महिना लागला आणि गोवराच्या डोसची वेळ जवळ आली. त्याच सुमाराला घरात त्याच्या जावळाचं ठरत होतं. जावळ विषम महिन्यात काढतात, म्हणून नववा धरला. शेजारच्या घरातलं, म्हणजे दाजींच्या चुलत भावाचं पोरगंही तेवढंच होतं. त्याचंही जावळ त्याच मांडवात उरकायचं ठरलं. वास्तविक डोस द्यायचा अंगणवाडीत आणि जावळ काढायचं देवळासमोर, दोन्हींचा एकमेकांशी संबंध काय? पण आबांच्या बहिणीनं, आत्याबाईंनी, तो लावला. सुई दिली की ताप येतो, ताप आला की पोर किरकिरतं, आणि किरकिरं पोर शूटिंगमध्ये कसं दिसेल? ड्रोन सांगून ठेवला होता. तेव्हा आधी जावळ, मग डोस, असा दोन्ही घरांत ठराव पास झाला.

मग आबांना वाटलं, एवढा मांडव घालतोय तर साहेब पाहिजेत. साहेब म्हणजे तालुक्यातले एक पुढारी. साहेबांची तारीख काही मिळेना. आज मुंबई, उद्या कुणाचं लग्न, परवा कुणाचा दहावा. असं करत नववा महिना सरला. दहावा महिना सम, म्हणून बाद. जावळ गेलं अकराव्यावर आणि त्याच्याबरोबर लसही गेली. दोन पोरांचं आयुष्य साहेबांच्या डायरीत अडकलं होतं आणि साहेबांना त्याचा पत्ताही नव्हता.

सुट्टीच्या दिवशी मी मोटारसायकल काढून गेलो. दाजी शेडमध्ये होते. पिल्लांची नवी बॅच आली होती आणि ते थर्मासातल्या बर्फातून लस काढून एकेका पिल्लाच्या डोळ्यात थेंब टाकत होते. एरवी हा माणूस लग्नालासुद्धा वेळेवर पोचत नाही.

मी म्हणालो, "दाजी, हे पुढच्या महिन्यात केलं तर?"

दाजी हसले. "पाव्हणं, लासोटा हाय ही, मानमोडीवरची. दिस चुकला तर अख्खं शेड बसंल."

"आन् पोराचं?"

"पोराचं काय? पोर घरातच हाय की."

पिल्लू विकायचं असतं, त्यामुळे त्याची काळजी असते. पोर काय, घरातच असतं.

ओट्यावर आबा बसले होते. त्यांनी त्यांचं ठेवणीतलं काढलं. "आमच्या येळंला कुठं हुत्या सुया? आमी न्हाई का जगलो?" आबांचे पाठचे दोन भाऊ लहानपणीच गेले, एक तर गोवरानंच. पण जे जगले नाहीत ते ओट्यावर बसून बोलायला येत नाहीत, म्हणून हा मुद्दा आबा कायम जिंकतात. याच आबांनी लम्पीच्या साथीत गावात सगळ्यांच्या आधी डॉक्टरला गोठ्यात आणून गुरं टोचून घेतली होती.

निघताना बहीण पाण्याचा तांब्या घेऊन गाडीपाशी आली. "दादा, आपल्या खोल्यांतल्या एका पोराला गोवर निघालाय. मी बाळाला घिऊन अंगणवाडीत निघाले हुते, तर आत्याबाईंनी गेटातनं माघारी आणलं. मला लई भ्या वाटतंय."

हे घरात ठाऊक होतं. पण ते बाहेरच्या लोकांचं पोर, आपल्यात तसलं काही येत नाही, असं आबांचं मत. खोलीचं भाडं घरात आलेलं चालतं, रोगानं मात्र खोलीच्या उंबऱ्यातच थांबायचं. मी परतताना रस्ताभर शिव्या घालत होतो. भ्यायलोही होतो, हेही सांगतो.

काही दिवसांनी आबांचा फोन आला. आवाजात गुलाल होता. "मामा, सायबांनी तारीख दिली. सुट्टी टाका. मांडी तयार ठिवा."

जावळ काढताना पोर मामाच्या मांडीवर बसवतात. मामा नसेल तर न्हावी वस्तऱ्याला हात लावत नाही. माझ्या बहिणीला मी एकटाच भाऊ. आख्ख्या कार्यक्रमात आबांच्या हातात नसलेली गोष्ट तेवढी एकच होती, ती म्हणजे माझी मांडी.

मी म्हणालो, "आबा, डोस झाल्याशिवाय मांडी मिळायची न्हाई."

"मिळायची न्हाई म्हंजी?"

"म्हंजी मी येणारच न्हाई. आधी टोचून आणा. न्हाईतर फ्लेक्सवरनं माझा फोटो काढा."

त्यानंतर मला आख्ख्या भावकीचे फोन आले. मामा असून असं वागतो, पाव्हण्यांचं डोकं फिरलंय, कंपनीतला वास डोक्यात गेलाय. एकानं चुलत मामा बसवायचं सुचवलं. तेव्हा माझी बहीण, जी त्या घरात मीठ कमी पडलं तरी बोलत नाही, ती म्हणाली, "सख्खा जित्ता असताना चुलत बसला, तर मी पोराला मांडवात आणणार न्हाई." हे मला तिनं नाही, दाजींनी सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. मला तिचा अभिमान वाटला.

आबा नमले. गोवराची भीती त्यांना पटली नाही, साहेबांसमोर मामाची जागा रिकामी दिसण्याची पटली. लसीच्या दिवशी नातवाला घेऊन स्वतः अंगणवाडीत गेले, सिस्टर सुई देताना फोटो काढून घेतला आणि स्टेटसला ठेवला: जागरूक आजोबा. पोराला रात्री थोडं अंग गरम झालं आणि सकाळी ते खेळायला लागलं.

मी शेजारच्या घरीही गेलो होतो. म्हटलं, आता एकाचं होतंय तर दुसऱ्याचंही करा, त्याच दिवशी, त्याच अंगणवाडीत. पोराची आई पोराला कडेवर घेऊन दारात उभी राहून ऐकत होती. तिला भाऊ नव्हता. पाबळकडचा कुणी लांबचा चुलत मामा त्यांनी मांडीसाठी ठरवून ठेवला होता. तिनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं.

नवरा म्हणाला, "तुमची मांडी तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, मामा. आमचा मामा काय बोलत न्हाई."

जावळ दणक्यात झालं. हलगी होती, ड्रोन डोक्यावर घोंघावत होता आणि साहेब दोन्ही पोरांचे गोटे झाल्यावर उगवले. दोघांच्या डोक्यावर हात ठेवला, फोटो दिला आणि मटणाला न थांबता पुढच्या दहाव्याला गेले. भाचा माझ्या मांडीवर भोकाड पसरून रडला, म्हणजे डोस न देऊन जे टाळायचं होतं ते झालंच. शेजारचं पोर मात्र गुणी, चुलत मामाच्या मांडीवर गप्प बसून होतं. सगळे त्याचं कौतुक करत होते.

पुढच्या पंधरवड्यात त्याच्या अंगावर पुरळ उठलं. घरात देवी आली म्हणून फोडणी बंद केली, दाराला लिंबाचा टहाळा लावला. पोराला श्वास पुरेना तेव्हा कुठं शिरूरच्या दवाखान्यात नेलं. तिथं बरेच दिवस काढून पोर वाचलं, पण कान गेले. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं. आबा म्हणाले, देवीच्या मनात आलं ते झालं. देवीनं कधी साहेबांची तारीख मागितली होती, हे मला विचारायचं होतं.

मध्यंतरी भेटायला म्हणून मी त्या घरी गेलो. जावळाची शूटिंग एडिट होऊन आली होती आणि टीव्हीवर लावली होती. हलगी कडाडत होती. पोरगं टीव्हीकडं पाठ करून फरशीवर एका झाकणाशी खेळत होतं. आई चहाचा कप माझ्यासमोर ठेवून त्याच्याकडं बघत उभी राहिली.

बापानं रिमोट घेतला आणि आवाज वाढवला. पोराकडं बघितलं, आणि अजून वाढवला.