उंबरठ्याबाहेरच्या रेघा

बाबांना कंपवात झाला, तेव्हा त्यांच्या थरथरत्या हातांचं मला फारसं काही वाटलं नाही. राग यायचा तो पायांचा. मोकळ्या रस्त्यावर बऱ्यापैकी चालणारे बाबा दारापाशी आले की त्यांचे पाय जमिनीला खिळायचे. मागून आई हलकेच रेटायची, पुढून मी हात ओढायची आणि बाबा आम्हा दोघींवर भडकायचे. निम्मा चहा बशीत सांडायचा, शेरवानीची बटणं आई लावायची, औषधाने तोंड कोरडं पडायचं. जामबागच्या माझ्याच शाळेत गणित शिकवणारा माणूस रजा घेऊन घरात बसला होता.

त्यात भाषेवरून आमच्या राज्याची वाटणी झाली आणि आमचं शहर तेलुगू मुलखात राहिलं. काकांची बदली औरंगाबादला झाली आणि दिवाळीनंतर बाबांनाही बरोबर न्यायचं त्यांनी ठरवूनच टाकलं.

"दादा, तुला घराबाहेर पडता येईना. इथं कुणाच्या भरवशावर राहतोस? तिकडं आपली माणसं आहेत."

"माझी शाळा इथं आहे," बाबा म्हणाले. आजाराने आवाज इतका बारीक झाला होता की काकांना ते ऐकूच गेलं नाही. आईने ट्रंक भरायला घेतली. मला काकांचा संताप आला, आणि ते खोटं बोलत नव्हते याचा त्याहून जास्त.

शेजारच्या तेलुगू मावशी अंगणात रोज मुग्गू घालायच्या. आपल्या रांगोळीसारखीच, पण ऐसपैस. दिवाळीच्या सकाळी उत्साहाच्या भरात त्यांनी ती थेट आमच्या उंबरठ्याला आणून भिडवली. बाबा दारात आले आणि नेहमीसारखे अडकले.

"मास्टरसाब, मुग्गू पे पाँव नक्को रखो!" मावशी ओरडल्या.

रांगोळीवर पाय द्यायचा नाही, हे बाबांच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यांनी खाली पाहिलं, पाय चांगला उचलला आणि रेघ ओलांडली. मग पुढची. मग त्याच्या पुढची. रेटायला आलेली आई हात पुढे करून तशीच उभी राहिली. अंगणाच्या मध्यावर पोचून बाबा हसले. कित्येक महिने दगडासारखा झालेला तो चेहरा हसला! मी टाळ्या पिटल्या.

रेघ दिसली की बाबांचा पाय सुटतो हे ओळखून मावशींनी नक्षी सोडली आणि आमच्या दारात सरळ आडव्या रेघा ओढायला लागल्या. घरातल्या दारांत, अगदी न्हाणीघरापर्यंत, मी खडूने ओढल्या. हात थरथरायचे थांबले नाहीत, बटणं आईकडेच राहिली. पण बाबा घरभर आपले आपण फिरू लागले आणि आम्हाला कामं सांगू लागले.

शाळेची दिवाळीची सुट्टी संपली त्याच सकाळी काका टांगा घेऊन आले. टांगेवाल्याला ट्रंक उचलायला सांगत होते, तेवढ्यात शेरवानी घातलेले बाबा आतून आले. रेघेमागून रेघ ओलांडत टांग्यापर्यंत गेले आणि काकांचा हात धरून त्यांनाच वर बसवलं.

"पोचल्यावर कळव," म्हणाले.

काका मग डोळे पुसत हसले. टांगा स्टेशनच्या दिशेने गेला. मी दप्तर घेऊन त्याच्याकडे पाहत रेंगाळले होते. बाबा केव्हाच फाटकाबाहेर पोचले होते.

"अगं, पाय उचल जरा!" ते खेकसले. "पहिला तास माझा आहे."