आधी मत, मग अधिकार

कपाळावर तर्जनीने दोनदा टकटक करायची आणि म्हणायचं, "बाई, आधी इथं." ही सरांची सवय. अंबरनाथच्या ज्या शाळेत मी शिक्षिका होते, तिथेच ते संस्कृत शिकवत. मतदार यादीचं काम आलं की बाकीचे कपाळाला हात लावत, सर मात्र पिशवी घेऊन तयार. असा एखादा मास्तर तुम्हीही पाहिला असेल.

एकदा यादीच्या कामाला मीही त्यांच्याबरोबर होते. बारवी धरणाकडच्या पाड्यावर एकजण म्हणाला, "लिवा, माझी बायको."

"ते तुमचं नातं झालं. नाव त्या सांगतील."

ती पाण्याला गेलेली. सर ओट्यावर बसले ते बसलेच. तासाभराने ती हंडा घेऊन आली. सरांनी नाव विचारल्यावर आधी नवऱ्याकडे बघून लाजली, मग म्हणाली, "बुधी. माझा नाव बुधी."

तोवर एसटी गेली होती. मी जाम वैतागले. "सर, एका नावापायी आता तंगडतोड!"

चालता चालता सर सांगू लागले, "मन् म्हणजे विचार करणं. त्यातून मत आलं. विचार करून जे ठरतं ते मत, आणि ते ज्याचं त्याने मांडायचं, हा मताधिकार. दुसऱ्याने सांगून कसं चालेल?" माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता. मी म्हटलं, "बरं."

पुढे सर निवृत्त झाले, बदलापूरला कात्रपमध्ये मुलाकडे राहायला गेले. नव्वदच्या दशकात त्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. योगायोगाने तिथली यादी माझ्याकडेच आली.

मुलगा भला होता. म्हणाला, "बाबांना आता काय कळतंय? नाव काढून टाका. उगाच कुणी बोगस मत टाकेल."

खरं सांगते, मी पेन टेकवलंसुद्धा होतं. मग माझीच मला लाज वाटली. खाटेशी जाऊन बसले. "सर, नाव ठेवू ना?"

काही नाही. मुलगा म्हणाला, "बघा, सांगितलं ना." मी म्हटलं, "थांबते मी." चहावर साय धरली.

मग डावा हात हलला. उशीवरून एकदा घसरला. दुसऱ्यांदा कपाळापर्यंत पोचला. टक. टक.

मला रडू आवरेना. नाव ठेवलं.

मतदानाच्या महिनाभर आधीच सर गेले. त्या दिवशी केंद्रावर तीच यादी माझ्यापुढे होती. दिवसभर डोळ्यांत तेल घालून बसले. सरांच्या नावावर कुणी बोगस येऊन तर बघायचं होतं!

कुणी आलं नाही. सरही आले नाहीत.